पोटाला हात न लावणारा ड्रेसर

१९८४ साल. मी एकावन्न वर्षांचा होतो. घाटकोपरच्या आमच्या चाळीत माझ्या शब्दाला वजन आहे असा माझा समज होता. त्या साली माझी बायको आजारी पडली, आणि वजन माझ्या शब्दाला नसून वरच्या मजल्यावरच्या ड्रेसरच्या शब्दाला आहे हे मला दिसायला लागलं. तेव्हापासून मी त्याच्यावर जळतो. तो आता या जगात नाही. तरी जळतो.

ड्रेसर दारावर कोपराने ठोकायचा. कुणाच्याही घरी जायचं असलं की आधी गॅलरीतल्या नळावर जायचा, साबण लावून मनगटाच्या वर चार बोटं हात धुवायचा, पुसायचा नाही. दोन्ही हात छातीसमोर उभे धरून, कोपरावरून पाणी ठिबकू देत चालत यायचा आणि दाराला कोपराने टक टक करायचा. नुसतं चहाला बोलावलं तरी हेच. आमच्या शेजारची शांताबाई म्हणायची, हा लग्नाला गेला तर अक्षतासुद्धा उकळून टाकेल. चाळ हसायची. मीही हसायचो. पण त्याने बांधलेली जखम कधी चिघळली नाही, हे हसणाऱ्यांनाही माहीत होतं.

म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात तो ड्रेसर होता. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, टाके काढायचे. माणूस कुडाळकडचा, बारीक, पांढरा लेंगा आणि अर्ध्या बाहीचा शर्ट. बायको गावी घर आणि आंब्याची चार कलमं सांभाळत होती, हा इथे एकटा. तुमच्याही चाळीत असा एखादा असेल, ज्याला डॉक्टरच्या आधी बोलावतात. आमच्या ड्रेसरचं वेगळं एवढंच की तो स्वतःला कधी डॉक्टर म्हणवून घ्यायचा नाही. कुणी विचारायला आलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "मी डॉक्टर नाय हां. मी ड्रेसर." मग हात पाठीमागे बांधायचा आणि विचारायला सुरुवात करायचा. कधीपासून? ताप आहे? काय खाल्लं? शौचाला कसं होतं? जखमेला तो हात लावायचा, तेवढं त्याचं काम होतं. पोटाला मात्र कधी नाही. कुणी पोट धरून आलं की हात आणखी घट्ट बांधायचा आणि म्हणायचा, "पोट काय बाहेरून दिसत नाय. ज्याका आत बघूक येता त्यानाच हात लावूचो."

हे वाक्य मला लागायचं. कारण चाळीतली पोटं माझी होती.

मी शिकलो तिसरीपर्यंत. विक्रोळीच्या एका फाउंड्रीत मोल्डर होतो, म्हणून मला सगळे मिस्त्री म्हणायचे. वाळूचा साचा हाताने दाबून कळायला लागतो, कुठे घट्ट, कुठे पोकळ. तोच हात मी पोटावर चालवायचो. बेंबी सरकली की माणसाला काही सुचत नाही, हे जुन्या लोकांना सांगायला नको. ती बसवायची कला मला आईने दिली होती. उपाशीपोटी उताणं झोपवायचं, अंगठा बेंबीत ठेवून ठोका कुठे लागतो ते बघायचं, बाजूला गेला असेल तर तेल लावून पोट मध्यावर चोळत आणायचं. मग बेंबीवर कणकेची छोटी पणती, तिच्यात पेटती वात, आणि वरून तांब्या पालथा. वात विझते, तांब्या पोटाला चिकटून बसतो, आतलं सगळं वर ओढलं जातं. तांब्या सुटला की माणूस उठून बसतो. शेजारच्या दोन चाळींतल्या बायका माझ्याकडे यायच्या. मी कुणाकडून सुपारीसुद्धा घेतली नाही.

ड्रेसर राहायला आला आणि दोन-तीन वर्षांत माझ्याकडे येणारी पोटं वर जायला लागली. तो मला नावं ठेवायचा नाही. ठेवली असती तर भांडलो असतो आणि बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणायचा, ताप नसला तर मिस्त्रींकडे जावा, ताप असला तर आधी डॉक्टरकडे. म्हणजे माझ्याकडे कोणी यायचं आणि कोणी नाही हे हा ठरवणार. एकदा मी त्याला गॅलरीत गाठून विचारलं की माझी माणसं अडवणारा तू कोण. तो नळावर हात धूत होता. साबण न सोडता म्हणाला, "अडवतंय खंय, मिस्त्रीनू? गाळतंय."

त्या साली माझ्या बायकोच्या मानेला गाठी आल्या. आधी एक, मग चार. मुलगी लग्न होऊन मुलुंडला, घरात आम्ही दोघंच. मी गाठींना बिब्बा घालायचं म्हणत होतो. तिने मला न विचारता ड्रेसरला दाखवलं. त्याने हात मागे बांधून मान वळवायला लावली, दोन्ही बाजूंनी बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून आम्हाला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला. गाठ कापून तपासली. कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, हा औषधाला ऐकणारा आहे, दर तीन आठवड्यांनी शिरेतून औषध द्यायचं, असं सहा वेळा. त्यातलं एक औषध गुलमोहरासारखं लाल होतं. ते शिरेत जाताना ती डोळे मिटून घ्यायची.

मी तिच्याबरोबर जायचो, नाही असं नाही. पण तिथे बोलायचा तो. केसपेपर इंग्रजीत, तो वाचायचा. नर्सला शीर सापडत नसली की हा गरम पाण्याचा टॉवेल तिच्या हाताला गुंडाळायचा आणि शीर वर यायची. मी पिशवी धरून उभा. ज्या हातांनी मी शंभर शंभर किलोचे साचे उलटले त्या हातांत पिशवी. परत येताना ती त्याला म्हणायची, "भावजी, तुम्ही होता म्हणून." मी पण होतो. पण माझ्या असण्यावर तिचं वाक्य कधी संपलं नाही.

दुसऱ्या औषधानंतर तिचे केस गेले. ती डोक्यावरून पदर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मी म्हटलं, येतील परत, त्यात काय. तिने मान वळवली नाही. संध्याकाळी ड्रेसर आला, कोपराने टकटक करून. दारातूनच बघितलं आणि म्हणाला, "वैनीनू, आता आमच्या वॉर्डात येवा. टक्कल असला की पट्टी बरी बसता." ती हसली. पदर तोंडात धरून, खांदे हलवून हसली. तीस वर्षांच्या संसारात मी तिला असं किती वेळा हसवलं ते मी त्या संध्याकाळी मोजायला बसलो, आणि थांबलो.

त्याचा कप वेगळा होता. तो ये-जा करायला लागल्यावर तिने कपाटातून कान न तुटलेला एक कप काढला, आणि तो रोज उकळत्या पाण्यातून काढून पालथा ठेवायची. त्यानेच सांगितलं होतं की या औषधावर असताना घरातली भांडी उकळा, कच्चं काही खाऊ नका, सर्दीवाल्याला आत घेऊ नका. मी एकदा मुद्दाम त्या कपातून चहा प्यायलो. तिने कप घेतला आणि परत उकळला.

सगळ्यात जास्त मला खुपायचं ते कॅलेंडर. चुलीच्या वरच्या भिंतीवर आमचं कॅलेंडर होतं. त्याच्यावर तो निळ्या पेन्सिलीने खुणा करायचा. औषध दिलं त्या दिवसाला गोल. त्यानंतर सातव्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत खाली सरळ रेघ. त्या दिवसांना तो "खड्डो" म्हणायचा. त्याने तिला समजावलं होतं की हे औषध कॅन्सरला मारतं तसं रक्तातल्या पांढऱ्या पेशींनाही मारतं, त्या पेशी म्हणजे अंगातली राखण. त्या आठवड्यात राखण करायला कोणी नसतं. तेव्हा ताप आला तर घरात बसायचं नाही, वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल. आणि पोटाचं काही झालं तर एरंडेल नाही, एनिमा नाही, घरचा उपाय कसलाच नाही. हे शेवटचं बोलताना त्याने माझ्याकडे बघितलं नव्हतं. म्हणजे ते माझ्यासाठीच होतं. माझ्या घरात, माझ्या भिंतीवर, माझ्या बायकोचे दिवस दुसरा माणूस मोजत होता, आणि ती रोज सकाळी उठून देवाला हात जोडायच्या आधी त्या रेघेकडे बघायची.

तिसऱ्या औषधानंतरचा रविवार. दुपारी जेवायला म्हणून हाक मारली तर ती गोधडीत गुडघे पोटाशी घेऊन पडलेली. पोटात दुखतं म्हणाली, उजवीकडे खाली. सकाळपासून दोन-तीनदा परसाकडे जाऊन आली होती, अंग हाताला गरम लागत होतं. मी विचारलं, बादली उचललीस का? ती म्हणाली, काल अर्धी उचलली. झालं. मला बेंबी दिसली. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. किती महिन्यांनी या घरात असं काही घडलं होतं की जे मला कळत होतं आणि त्याला कळलं नसतं.

मी तिला उताणं केलं. ती नको नको म्हणत होती. अंगठा बेंबीत ठेवला, ठोका उजवीकडे लागल्यासारखा वाटला. तेल घेतलं आणि उजव्या बाजूने वर, मध्यावर, चोळत आणायला लागलो. पहिल्या वेळेला तिने ओठ चावला. दुसऱ्या वेळेला ती ओरडली, आणि तिने माझं मनगट धरलं. तिच्या अंगात तेव्हा चमचा धरायची ताकद नव्हती, पण ती पकड मला अजून आठवते.

"थांबा," ती म्हणाली. "भावजींना बोलवा."

मी म्हटलं, बेंबी सरकलीय, याला भावजी कशाला. ती म्हणाली, पहाटेपासून दुखतंय. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही हेच केलं असतं."

यानंतर मी जे केलं ते कुठल्या शहाण्या माणसाने केलं नसतं. मी कणीक मळायला घेतली. पणती केली, वात घातली, तांब्या काढून ठेवला. ओरडणं शांताबाईने भिंतीपलीकडून ऐकलं होतं. ती सरळ जिना चढून गेली. थोड्या वेळाने नळाचं पाणी वाजलं, बंद झालं, आणि दारावर टकटक झाली.

मी दार अर्धं उघडलं आणि आडवा उभा राहिलो. म्हटलं, काही नाही, बेंबी आहे, तू जा.

त्याने मला ढकललं नाही. वाद घातला नाही. माझ्या खांद्यावरून आत बघत त्याने तिलाच विचारलं, "वैनी, कितवो दिवस?"

ती आतून म्हणाली, "दहावा."

"ताप?"

"आहे."

त्याने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. हात अजून छातीसमोर उभे, पाणी कोपरावरून माझ्या उंबऱ्यावर पडत होतं. अगदी हळू बोलला, जसं जखमेची पट्टी काढताना बोलायचा तसं.

"मिस्त्रीनू, तुमच्या हातात ताकद हा, म्हणान सांगतंय. आज त्या पोटाक हात लावू नकात. मगे माका मारा. आता आधी रिक्षा."

मी बाजूला झालो. का झालो ते मला सांगता येणार नाही. त्याने मला मारायची परवानगी दिली म्हणून असेल. त्याने आत येऊन तिच्याकडे बघितलं, वाटीतल्या तेलाकडे बघितलं, कणकेच्या पणतीकडे बघितलं. भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून काखेत मारलं. मला म्हणाला की तुम्हीच उचला, गुडघे दुमडलेले आहेत तसेच असू देत, सरळ करू नका, पोटावर काही टेकू देऊ नका, पाण्याचा घोटही द्यायचा नाही. मी तिला उचललं. उचलण्याइतकं वजनच राहिलं नव्हतं. जिना उतरताना ती माझ्या खांद्याशी कण्हत होती, आणि इतक्या भीतीतही माझ्या मनात आलं की बरं झालं, हे काम त्याने माझ्याकडे ठेवलं.

शीवपर्यंत रिक्षा, तिथून टॅक्सी. टॅक्सीत त्याने तिला हळूच विचारून घेतलं, किती वेळा चोळलं, कुठून कुठे, आणखी काही दिलं का. जवळ दुसरी हॉस्पिटलं होती, पण तो म्हणाला जिथे औषध दिलं तिथेच न्यायचं, तिचे कागद तिथे आहेत. रविवारी तिथे एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी उजव्या बाजूला बोट टेकवलं न टेकवलं तोच ती विव्हळली. ते म्हणाले अपेंडिक्स वाटतंय, सर्जनला बोलावतो. ड्रेसर पुढे झाला आणि कॅलेंडर त्यांच्यापुढे धरलं. म्हणाला, साहेब, आज दहावा दिवस, ताप आहे, जुलाब आहेत. तरुण डॉक्टर त्या निळ्या रेघेकडे बघत राहिले. मग त्यांनी रक्त पाठवलं, पोटाचा एक्सरे काढला आणि मोठ्या डॉक्टरीणबाईंना बोलावणं धाडलं.

बाई आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. पन्नाशीच्या, जाड चष्मा, पायात कॅनव्हासचे बूट. रक्ताचा कागद बघून त्यांनी तो तरुण डॉक्टरांना दाखवला आणि मान हलवली. पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. त्यांनी आम्हाला समजेल असं सांगितलं. मोठं आतडं जिथे सुरू होतं, अपेंडिक्सच्या शेजारी, तिथली भिंत सुजली आहे. या औषधांवर असताना क्वचित कुणाला असं होतं. त्यांनी स्वतः ते मोजक्याच वेळा पाहिलं होतं. राखण नसल्यामुळे आतड्यातलेच जंतू आतड्याच्या भिंतीत शिरतात. भिंत ओल्या कागदासारखी होते. आत्ता कापायला जावं तर जखम भरून काढायला अंगात काही नाही, म्हणून तोंडाने काही द्यायचं नाही, नाकातून नळी, सलाईनमधून जंतूंवरचं औषध, आणि वाट बघायची. फाटलं तर मात्र ऑपरेशनशिवाय इलाज नाही, आणि मग काय होईल ते सांगता येत नाही.

मग त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं. "पोट कुणी चोळलंय का? दाबलंय? एनिमा, एरंडेल, काही दिलंय? मला खरं कळायला हवं, त्यावर किती लक्ष ठेवायचं ते ठरेल."

ती पलंगावर होती, सगळं ऐकत होती. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही. साऱ्या आयुष्यात मी कुणापुढे गप्प बसलेला माणूस नाही. फोरमनला तोंडावर बोललो, घरमालकाला बोललो. पण "मी" हे एक अक्षर मला बोलता येईना.

"मी चोळलं, मॅडम," ड्रेसर म्हणाला. साध्या शुद्ध मराठीत, जशी तो फक्त डॉक्टरांशी बोलायचा. "तेल लावून. उजव्या बाजूने वर, बेंबीकडे. दोन वेळा, जोरात. एनिमा नाही, एरंडेल नाही."

बाई त्याच्यावर कडाडल्या. हॉस्पिटलात नोकरी करतोस आणि एवढं कळत नाही, तुझ्यासारख्या अर्धवट माणसांनीच पेशंट मरतात, असं बरंच. सगळा वॉर्ड बघत होता. तो हात पाठीमागे बांधून उभा राहिला, खाली बघत. "चुकलं, मॅडम," एवढंच म्हणाला. ज्याने आयुष्यात कुणाच्या पोटाला बोट लावलं नाही तो. बाईंनी कागदावर लिहिलं. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. मग तिने तोंड वळवलं, आणि ज्या बाजूला वळवलं त्या बाजूला तो उभा होता.

ती वाचली. हे सांगून टाकतो, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. अठरा दिवस ती तिथे होती, त्यातले पहिले पाच बाई रोज सकाळ-संध्याकाळ येऊन पोट बघायच्या आणि ते फाटलेलं नाही असं मला सांगायच्या. पेशी वर आल्या, सूज उतरली. पुढची औषधं कमी करून दिली. केस आले, आधीपेक्षा दाट. त्यानंतर ती बारा वर्षं जगली आणि दुसऱ्याच दुखण्याने गेली. बेंबी बसवणं मी त्या दिवसापासून सोडलं. बायका यायच्या, मी त्यांना विचारायचो, ताप आहे का? आणि वर पाठवायचो. ते पाठवताना दर वेळेला जळायचो.

ड्रेसर रिटायर झाला तेव्हा गावी निघायच्या दिवशी आमच्याकडे आला. तिने शिरा केला होता. खाऊन झाल्यावर तो गॅलरीत हात धुवायला गेला, मी मागोमाग गेलो. पाच वर्षं जे विचारलं नव्हतं ते विचारलं. म्हटलं, त्या दिवशी तू खोटं का बोललास?

त्याचा साबण लावून झाला, हात धुवून झाले, मग बोलला. "डॉक्टरीण इचारी होती. कोणीतरी बोलाक व्हया होता. तुमचा तोंड बंद. वैनीच्या पोटात काय झाला ता तिका कळाक व्हया होता, मिस्त्रीनू. नाव कोणाचा का असेना."

मी म्हटलं, बरं, जपून जा. पुढे त्याचं पोस्टकार्ड यायचं दिवाळीला, ती वाचून दाखवायची. तिच्यामागून दोन वर्षांनी तो गेल्याचं कळलं. त्या दिवशी मी जेवलो नाही, आणि वर ते दोघं आता कुठे कपबशी मांडून बसलेत की काय, असंही मनात आलं. म्हाताऱ्याच्या मनात काय येईल त्याला धरबंध नाही.

नाव कोणाचा का असेना, हे तो म्हणाला. त्याला शेवटपर्यंत माहीत नव्हतं की मला ते चाललं नव्हतं. माझी बायको त्याच्याशी हसली, मी सोसलं. माझ्या भिंतीवर त्याने रेघा मारल्या, तेही सोसलं. पण माझ्या हाताने झालेली चूक तो आपल्या नावावर घेऊन गेला आणि तिच्या डोळ्यांत आणखी एक पायरी वर चढला, ते मला सोसेना. ती चूक माझी होती. निदान ती तरी माझी होती.

म्हणून त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या पाळीला गेलो नव्हतो. वॉर्डाच्या दारात सहापासून उभा राहिलो. ड्रेसर तिकडे आपल्या हॉस्पिटलात ड्युटीवर होता. नऊला बाई राउंडला आल्या, मागे चार तरुण डॉक्टर. तिच्या पलंगापाशी थांबल्या तसा मी पुढे झालो आणि म्हटलं, पोट मी चोळलं. तो खोटं बोलला. त्याने बोटसुद्धा लावलेलं नाही.

बाईंनी चष्मा काढला. काल का नाही बोललात, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काल जमलं नाही. त्या म्हणाल्या, ठीक आहे, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत, आता जा. मी हललो नाही. विचारलं, कागदावर काय लिहिलंय? शेजाऱ्याने पोट चोळलं असं लिहिलंय, त्या म्हणाल्या.

"ते खोडा," मी म्हटलं. "नवऱ्याने, असं लिहा."

एक तरुण डॉक्टर हसला. बाई हसल्या नाहीत. पेन काढून त्यांनी खोडलं आणि वर लिहिलं. मी म्हटलं, मला इंग्रजी येत नाही, मराठीत वाचून दाखवा, आणि जरा मोठ्याने. तिचे डोळे मिटलेले होते, पण ती झोपलेली नव्हती. तीस वर्षांत तेवढं मला कळत होतं. बाईंनी कागद वर धरला आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं वाचलं: "नवऱ्याने तेल लावून पोट चोळले. दोनदा."